'पास' नको, आकडा दाखवा

डोकं उठलंय नुसतं. एक साधी प्रोटीन पावडर घ्यायची तर आता माणसाने रसायनशास्त्र शिकून यायचं का? डब्यावर ठळक अक्षरांत 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'क्लीन', 'लॅब टेस्टेड'. कुठल्या लॅबमध्ये तपासलं? काय तपासलं? किती निघालं? त्याबद्दल चकार शब्द नाही.

एका कंपनीला सरळ विचारलं, या बॅचमध्ये शिसं किती आहे? उत्तर आलं, 'आमची सर्व उत्पादने गुणवत्तेच्या कठोर निकषांनुसार तयार होतात.' अहो, मी निकष विचारले नव्हते, आकडा विचारला होता! पिच्छा पुरवला तेव्हा कुठे रिपोर्ट आला. त्यावरचा बॅच नंबर माझ्या डब्यावरच्या नंबराशी जुळत नाही. आणि शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, चारही विषारी धातूंच्या नावांपुढे एकच शब्द: 'पास'. कोणाच्या मर्यादेत पास? किलोमागे की रोजच्या मात्रेमागे?

हा फरक किरकोळ नाही. किलोमागे ०.१ मिलिग्रॅम शिसं म्हटलं तर कोणालाच काही वाटणार नाही. पण ३० ग्रॅमच्या एका स्कूपमध्ये ते ३ मायक्रोग्रॅम होतं. कॅलिफोर्नियात ज्या पातळीच्या वर ग्राहकाला इशारा द्यावा लागतो, ती आहे दिवसाला ०.५ मायक्रोग्रॅम. म्हणजे सहापट! ती पातळी मुद्दाम कडक ठेवलेली आहे, मान्य. पण शिशाची निर्धोक म्हणता येईल अशी कुठलीही पातळी माहीत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. आणि पावडर काही कोणी सणासुदीला खात नाही, रोज खातात, वर्षानुवर्षं खातात.

वर 'ऑरगॅनिक आहे, बिनधास्त घ्या' म्हणणारे भेटतात, त्यांचा तर संतापच येतो. ऑरगॅनिकचा संबंध मुख्यतः कीटकनाशकं आणि खतं यांच्याशी. जमिनीतच कॅडमियम असेल तर चॉकलेट ज्यापासून होतं ते कोकोचं झाड ते मुळांतून ओढून घेणारच, त्याला सर्टिफिकेट कळत नाही. शिसं पुढे येतं, बिया उघड्यावर वाळत पडतात तेव्हा धुळीतून. २०२२ साली कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकेतल्या ग्राहक संस्थेने २८ डार्क चॉकलेटं तपासली. त्यांतल्या २३ मध्ये रोज एक औंस (सुमारे २८ ग्रॅम) खाल्लं तरी शिसं किंवा कॅडमियम त्यांनी धरलेल्या पातळीच्या वर जात होतं. 'अँटिऑक्सिडंट' म्हणून हेच चॉकलेट आपल्या गळ्यात मारतात! स्पिरुलिना या शेवाळाच्या पावडरीचंही तेच. वाढवताना पाण्यात दुसरं विषारी शेवाळ मिसळलं तर यकृताला घातक असं मायक्रोसिस्टिन नावाचं विष त्यात उतरतं. हिरव्या पावडरीकडे डोळे फाडून बघितलं तरी ते दिसणार आहे का?

आणि कायदा? अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट, म्हणजे अशी पूरक आहाराची पावडर किंवा गोळी, बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित आहे म्हणून सरकारची मंजुरी घ्यावी लागत नाही. आधी विका, काही झालं तर बघू. त्रयस्थ तपासणीचे यूएसपी, एनएसएफ असे शिक्के आहेत, त्यांचा आधार वाटतो, पण ते ऐच्छिक. ज्याला नको तो घेत नाही, आणि छातीठोकपणे 'क्लीन' लिहून मोकळा होतो.

'ग्राहकाने जागरूक राहावं' हा सल्ला तर आता मला ऐकवतच नाही. जागरूक राहून करायचं काय? घरी शिसं मोजायचं यंत्र बसवायचं? रिपोर्ट त्यांच्याकडे, बॅच त्यांची, पैसे आमचे आणि धोकाही आमचाच!

जमत नाही म्हणून सांगूच नका. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून बाळांच्या खाद्यपदार्थांतल्या याच चार धातूंचे आकडे कंपन्यांना वेबसाइटवर जाहीर करावे लागतात. बाळांच्या डब्यासाठी जमतं, मग तुमच्या पावडरीला काय धाड भरली? डब्यावर क्यूआर कोड छापा, त्याच बॅचचा रिपोर्ट टाका, एका मात्रेत किती मायक्रोग्रॅम ते लिहा. तोपर्यंत तो 'शुद्ध' शब्द डब्यावरून काढून टाका.