‘पाणी’ कुलपात ठेवू नका

न बोलणाऱ्या किंवा मोजकंच बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात चित्रकार्डं असतात, पण बऱ्याचदा थेरपीच्या अर्ध्या तासापुरतीच. तास संपला की डबा कपाटात. मुलाला तहान लागते मधल्या सुट्टीत आणि ‘पाणी’चं कार्ड असतं कुलपात. याला संवाद शिकवणं म्हणत नाहीत, स्पष्टच सांगतो.

दुसरी खोड म्हणजे कार्डं मांडून “सफरचंद कुठंय? दाखव बरं!” ही तोंडी परीक्षा झाली. मुलाने अचूक बोट लावलं तरी हाती काय, तर शाब्बासकी.

१९८५ साली अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ‘पेक्स’ (पिक्चर एक्स्चेंज कम्युनिकेशन सिस्टीम, म्हणजे चित्रकार्ड देऊन बोलणं) ही पद्धत बसवली, ती मागण्यापासून सुरू होते. पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर, मुलाच्या आवडीचे चुरमुरे घेऊन. दुसरं मुलाच्या मागे, अवाक्षर न काढता. मुलाचा हात चुरमुऱ्यांकडे गेला की मागच्याने तोच हात कार्डाकडे वळवायचा, कार्ड उचलून समोरच्या तळहातावर ठेवायला लावायचं. समोरच्याने “चुरमुरे!” म्हणत तत्काळ चिमूटभर द्यायचे. वाटीभर दिले तर पुन्हा मागायला कारण उरत नाही. मदत कमी करताना शेवटाकडून यायचं: आधी कार्ड हातावर सोडणं त्याचं त्याला करू द्या, मग हात पुढे नेणं, सगळ्यात शेवटी उचलणं.

“काय पाहिजे?” हे या टप्प्यात विचारायचंच नाही. विचारत राहिलात तर मूल प्रश्नाची वाट बघायला शिकतं. कुणी विचारलं नाही की गप्प. आणि माणूसबळ नाही म्हणून एकाच ताईंनी समोर बसून मुलाचा हात ओढला, तर आपण होऊन मागणं राहतं बाजूला.

शब्द निवडताना नुसती केळं, बॉल, गाडी नकोत. ‘अजून’, ‘नको’, ‘थांब’, ‘उघड’, ‘मदत’, ‘दुखतंय’ आधी आणा. ‘नको’ सांगायची सोय नसेल तर मूल ताट ढकलतं, चावतं, आणि आपण रजिस्टरात ‘वर्तन समस्या’ लिहून मोकळे होतो! ‘हवा-हवी-हवं’पेक्षा ‘पाहिजे’ घ्या, लिंगाप्रमाणे बदलत नाही, एका कार्डात भागतं.

पुढे या शब्दांच्या चित्रांचा, बोट ठेवून सांगायचा तक्ता करायचा असेल तर ए-फोर कागदावर बारा चौकोन पुरेत, लॅमिनेशन करून. चौकोनांच्या जागा कायम ठेवा, कारण हात जागा लक्षात ठेवतो. बोलताना आपणही त्यावर बोट ठेवायचं: “अजून” म्हणताना ‘अजून’वर. मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं. सगळ्यात अवघड हेच जातं. तिसऱ्या आकड्याला आपल्याच तोंडून उत्तर निसटतं.

घरची भीती ठरलेली: “कार्डांची सवय लागली तर तो बोलायचाच नाही.” आजी म्हणतात, कधी डॉक्टरही. आजवरच्या अभ्यासांत कार्डांनी बोलणं खुंटल्याचं दिसलेलं नाही. काही मुलांचं थोडंफार वाढलेलंच दिसतं. स्पीच थेरपी सोबत चालू राहतेच. कानाची तपासणी मात्र आधी झालेली असू द्या. ‘ऐकतो की, टीव्ही लागला की धावत येतो’ ही तपासणी नव्हे.

तक्त्याच्या किमान तीन प्रती काढा: वर्गात, दप्तरात, घरी जेवायच्या जागेजवळ. मूळ फाइल पालकांच्या मोबाईलमध्येही असू द्या. हरवलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी मिळालं पाहिजे, पुढच्या पालकसभेला नव्हे.