विणकराला सक्षम करण्याची सोपी कृती

परवा पैठण्यांचा एक गठ्ठा परत आला. पाच महिने हातमागाच्या साड्या विकणाऱ्या कुठल्याशा ब्रँडच्या 'क्युरेटेड कलेक्शन'मध्ये राहून आला. सोबत ईमेल : पदरावरचे दोन मोर तंतोतंत एकसारखे नाहीत, आमचे निकष कडक आहेत, क्षमस्व. याच मंडळींच्या टॅगवर छापलंय, 'प्रत्येक नग एकमेवाद्वितीय'. तेव्हा म्हटलं, या धंद्याची रीत एकदा मांडूनच ठेवावी. नव्याने उतरणाऱ्यांची सोय होईल.

आधी नाव. संस्कृत घ्या, त्याखाली 'एथिकल', 'स्लो', 'कॉन्शस' यांतले कोणतेही दोन शब्द. मग येवल्याला जाऊन या. मुक्काम नको, संध्याकाळी नाशिकला परत येता येतं. म्हाताऱ्या विणकराच्या हातांचा फोटो काढा, चेहरा टाळा. चेहरा आला की नाव छापावं लागतं, आणि नाव छापलं की गिऱ्हाईक थेट त्यालाच फोन करतं.

'लुप्त होत चाललेली' हे विशेषण विसरू नका.

लेबलांचं जरा समजून घ्या. सिल्क मार्क सांगतो की रेशीम शुद्ध आहे. साडी हातावर विणली की यंत्रमागावर, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. पण गिऱ्हाईकाला हा फरक कुठे ठाऊक? तेव्हा सिल्क मार्क ठळक लावा आणि शेजारी हातमागाचं चित्र काढा. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही वेबसाइटवर टाकून द्या. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, पण एवढ्या खोलात कोण जातं! फक्त कुणी पदर उलटून पाहायला लागलं की लगेच चहा मागवा. हातावर विणलेल्या पदराला उलटी बाजू जवळपास नसतेच, मोर दोन्हीकडून मोरच दिसतो. जकार्डवरच्या, म्हणजे नक्षीच्या तारा आपोआप उचलणाऱ्या यंत्रणेवरच्या, पदराच्या मागे मात्र लोंबते किंवा कातरलेले धागे दिसतात, आणि मग चहा कमी पडतो.

रंगाची ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून द्या. रेशीम एका घाण्यात रंगवलं की तोच रंग पुढच्या घाण्यात डिट्टो उतरत नाही, हे विणकर सांगेल. ऐकू नका. फोनच्या पडद्यावर दिसतो तोच खरा.

आता पैसे. सूत्र असं : माल ठेवून घ्या, विकला तर पैसे द्या, नाही विकला तर परत पाठवा. याला तुम्ही भागीदारी म्हणा.

मजुरी कशी ठरवायची? गावात जो भाव चालू आहे त्यात पाचशे मिळवा आणि 'फेअर' म्हणा. दिवस मोजायच्या भानगडीत पडू नका, कारण मोजले तर पंचाईत होते. समजा, पदरावर मोर आणि अंगभर बुट्टी असलेली साडी दोन महिने मागावर आहे. कामाचे दिवस धरा 50. प्रत्येक रंगाच्या धाग्याची कांडी वेगळी, ती हाताने त्या-त्या तारांतून फिरवायची, त्यामुळे दिवसभर बसलं तरी पदर जेमतेम इंच-दीड इंच पुढे सरकतो. दिवसाला 600 रुपये धरले तर 30,000. कांड्या भरून देणारी त्याची बायको आहे, तिचे दिवसाला 250 धरले तर 12,500. झाले साडेबेचाळीस हजार, आणि यात रेशीम नाही, जरीची तार नाही, रंगाई नाही. शिवाय ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला की नव्या ताण्याच्या हजारो तारा जुन्यांच्या टोकाला एकेक करून पिळून जोडायच्या. त्या दिवसांत धोटा हलत नाही, मग मजुरी कुठली? पावसाळ्यात जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेल्या मागाला ओल येते, तारा चिकटतात, तुटतात, ते दिवसही गेले. हे सगळं तुमच्या तक्त्यात कुठे बसतं? बसत नाही. बायको तर अजिबातच बसत नाही, तिला तुम्ही माहितीपटात घेता.

आणि रेशीमवाला थांबतो का हो पाच महिने? जरवाला थांबतो? त्यांना रोख लागते. विणकर ती व्याजाने उचलतो. म्हणजे तुमच्या दुकानातला माल त्याच्या कर्जावर उभा आहे, आणि तुम्ही व्यासपीठावर उभं राहून सांगताय की आम्ही दलाल काढून टाकला! गावचा व्यापारी निदान रेशीम आगाऊ देतो आणि साडी उतरली की हिशोब करतो. तो स्वतःला समाजसेवक म्हणवत नाही. हातमाग दिनाला, 7 ऑगस्टला, रील टाकत नाही.

वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन या न्याय्य व्यापाराच्या जागतिक संघटनेची दहा तत्त्वं तुमच्या वेबसाइटवर आहेत. ती वाचा तरी. हस्तकलेच्या मालासाठी, कारागिराने मागितली तर, किमान 50 टक्के बिनव्याजी उचल द्यायची, असं त्यात स्पष्ट आहे.

पुरे झाली थट्टा. ऑर्डर कागदावर द्या, सोबत रंगवलेल्या धाग्याचा तुकडा बांधा आणि तसाच दुसरा विणकराकडे ठेवा. ताणा चढताना निम्मे पैसे, साडी उतरल्यावर आठवड्यात उरलेले. दोष कशाला म्हणायचं ते आधी लिहा : रंग उतरणं, तुटून तशीच राहिलेली तार, रुंदी कमी भरणं. मोराची मान एका बाजूला दोन तारांनी जाड असणं हा दोष नाही. तेही चालत नसेल तर यंत्रमागाचा माल घ्या आणि तसं सांगून विका, त्यात लाज काहीच नाही. विकलं न जाणं हा तुमचा धोका आहे, तो तुमच्याकडेच ठेवा. दुकान तुम्ही काढलंय, त्याने नाही. साडी पाच महिने प्लास्टिकमध्ये कोंबून ठेवली की जरीची तार काळवंडते, घड्यांवर रेशीम चिरतं. तशी साडी दुसरीकडे कोण घेणार? सुती कापडात गुंडाळायची आणि अधूनमधून घडी मोडायची, एवढंही तुमच्या टीमला जमत नाही, आणि निकष म्हणे कडक.

विणकराचा मुलगा माग सोडून कारखान्यात लागला, तर त्यावर हळहळीची पोस्ट तुम्ही तरी टाकू नका. तिथे त्याला सात तारखेला पगार मिळतो.