आजारी रजेवर हजर

गेल्या शनिवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी मी ऑफिसात अंगठा लावला, यंत्राने हिरवा दिवा दाखवला, दिवसभर खुर्ची झिजवली, आणि तरीही कागदोपत्री मी त्या दिवशी घरी अंथरुणात होतो. माझी एक सिक लीव्ह कापली गेली. आजारपण मात्र अजून मिळालेलं नाही.

झालं एवढंच की शनिवारी डोंबिवलीला भाचीचा साखरपुडा होता, आणि मुलाकडच्यांचं नक्की होत नव्हतं. साहेब बंगळुरात बसतात, त्यामुळे रजेचं इंग्रजीतून कळवायचं. नुसतं ‘मे नॉट’ लिहिलं असतं तर निभावलं असतं. पण महिनाभर लेकीच्या व्याकरणाच्या पुस्तकात नाक खुपसल्यामुळे ‘मे वेल’ हे जोडपं नुकतंच हाती लागलं होतं, आणि नवी चप्पल माणूस भर पावसातही घालतोच. मी लिहिलं, ‘आय मे वेल नॉट बी एबल टू अटेंड ऑफिस ऑन सॅटर्डे.’ वाचून स्वतःवरच खूश झालो. साखरपुडा पुढे गेला. मी कामावर गेलो.

अकराच्या सुमारास एचआरच्या मॅडम माझ्या टेबलाशी येऊन थांबल्या. वय चोवीस-पंचवीस, गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप उघडाच.

“सर, तुम्ही इथे कसे?”

“ठाण्याहून. ट्रेनने.”

“तसं नाही. तुम्ही आजारी आहात ना?”

“कोण म्हणतं?”

“तुम्हीच.” त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझं वाक्य होतं, आणि ‘वेल नॉट’वर कुणीतरी पिवळा रंग फासला होता. “वेल नॉट. म्हणजे नॉट वेल. साहेबांनी लगेच मंजूर केली, गेट वेल सून पण लिहिलंय.”

“अहो मॅडम, तो वेल तब्येतीचा नाही.”

“मग कशाचा?”

“शक्यतेचा.”

“शक्यतेसाठी तर ‘मे’ आहे ना, सर. मग वेल कशाला?”

खरं सांगतो, या प्रश्नाला मी मनातल्या मनात उठून उभा राहिलो. एरवी असा प्रश्न लाखात एखादा विचारतो. मी खुर्ची मागे सारून शिकवायलाच लागलो. नुसतं ‘मे’ म्हणजे छापा किंवा काटा. ‘मे वेल’ म्हणजे छापाच पडायची लक्षणं जास्त. ‘माइट जस्ट’ म्हणजे नाणं उभं राहायचा धाक. आणि ‘माइट ॲज वेल’मध्ये शक्यता औषधालाही नाही, ते ‘बसलोच आहोत तर चहा घेऊया’ या जातीचं.

“म्हणजे किती टक्के, सर?”

“सत्तर-बहात्तर धरा.”

“सिस्टीमला टक्के नाहीत. सिक, कॅज्युअल, अर्न्ड, एवढेच पर्याय आहेत.”

“मग हजर?”

“मंजूर झालेली सिक लीव्ह असताना हजर दिसत नाही.”

इतक्यात चहाचा ट्रे घेऊन आलेले शिपाईमामा मध्येच थांबले. “वेल म्हणजे विहीर ना हो साहेब? नातीच्या पुस्तकात चित्र आहे. डब्ल्यू, वेल.” मॅडमनी विहिरीचाही दोन सेकंद गंभीरपणे विचार केला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मग म्हणाल्या, “सर, सोमवारी फिटनेस सर्टिफिकेट आणा, नाहीतर जॉइन करून घेता येणार नाही.”

मी त्या क्षणी जॉइन होऊन बसलेलोच होतो. तरी.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून जुनं वाचलेलं आठवत पडलो. 1951 साली अमेरिकी गुप्तचर खात्याच्या एका अहवालात लिहिलं होतं की युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे. शर्मन केंट हे त्या विभागातले मोठे गृहस्थ. परराष्ट्र खात्यातल्या कुणीतरी त्यांना विचारलं, सीरियस म्हणजे किती हो? ते म्हणाले, 65 विरुद्ध 35. समोरचा उडालाच, त्याने बरंच कमी धरलं होतं. मग केंटसाहेबांनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, तर एकाच शब्दाचे आकडे 20 पासून 80 पर्यंत निघाले. एकत्र बसून मसुदा केलेली माणसं ही! 1964 मध्ये त्यांनी यावर सविस्तर लेखच लिहिला. त्यांच्याकडे निदान टक्के होते. आमच्याकडे सिक, कॅज्युअल, अर्न्ड.

आपल्या मराठीत ही भानगड नाही असं मी म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोला. शाळेत विध्यर्थ शिकलो, ‘त्याचे मत खरे असावे’. त्या एका ‘असावे’त तर्कही बसतो आणि शंकाही. ‘येईन’, ‘येईनही’, ‘येईन बहुतेक’, ‘आलो तर आलो’ या उतरंडीवरून यजमान ताटं मोजतो आणि सहसा चुकत नाही. आणि ‘बघतो’ म्हटलं की आपल्याकडे माणूस सरळ ताट उचलून ठेवतो. मॅडमच्या आईला मी ‘बघतो, जमलं तर’ म्हणालो असतो तर त्यांना बरोबर कळलं असतं. मला इंग्रजीची हौस नडली हे मान्य. पण मला ज्या भाषेत नीट नाही म्हणता येतं, त्या भाषेत रजा मागायची सोय नाही, हेही लिहून ठेवा.

असो. रविवारी संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. तासभर बसलो, शेजारी खोकणारी तीन मुलं. मला खरंच काहीतरी लागेल आणि हिशेब आपोआप जुळेल अशी आशा वाटत होती.

“काय होतंय?”

“काही नाही.”

“मग फिट कशातून झालात?”

“व्याकरणातून.”

डॉक्टर वीस वर्षांच्या ओळखीचे, त्यामुळे त्यांनी फक्त बीपी पाहिलं. ते वाढलेलं निघालं. तीनशे रुपये घेऊन त्यांनी त्यांच्या नेहमीच्या साच्यातलं सर्टिफिकेट दिलं: ‘ही मे रिझ्यूम ड्यूटी फ्रॉम मंडे.’

सोमवारी मॅडमनी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. चेहऱ्यावर चिंता. शनिवारचा माझा वर्ग मुलीने मन लावून ऐकला होता, याचा दोष मी कुणाला देऊ?

“सर, यात ‘मे’ लिहिलंय.”

“हो. परवानगीचा मे आहे तो.”

“पण तुम्हीच सांगितलंत ना, नुसता मे म्हणजे छापा-काटा.” त्यांनी कागद हळूच माझ्याकडे सरकवला. “म्हणजे डॉक्टरांनाही खात्री नाही. निदान ‘मे वेल’ तरी आणा ना.”

कापलेल्या रजेसाठी मी अर्ज केला आहे. काल उत्तर आलं: ‘युअर रिक्वेस्ट मे पॉसिब्ली बी कन्सिडर्ड.’ म्हणजे बघतो.