साडेपाच तासांची भाऊबंदकी

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा आमच्या घरात कुणी फारसं हललं नाही. मराठवाड्यात स्वातंत्र्यसुद्धा 13 महिने उशिरा, 17 सप्टेंबर 1948 ला पोहोचलं. एखादं अपडेट आलं नाही म्हणून परभणीकर थोडाच घाबरतो!

पण पुण्यातल्या भाच्याला राहवेना. “मामा, सिक्युरिटी पॅच बंद झालेत. विंडोज 11 टाका.” विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते आणि आमच्या कॉम्प्युटरकडे ती नाही. “मग उबुंटू टाका. लिनक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम, विंडोजच्या जागी चालते, फुकट आहे,” तो म्हणाला. फुकट म्हटल्यावर चौकशी करणं भागच होतं.

आडवी आली बायको. ती शाळेत शिकवते आणि तिचं निकालाचं एक्सेल मॅक्रोंवर, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांवर चालतं. ते मॅक्रो एक्सेलऐवजी उबुंटूवर वापरायच्या लिब्रेऑफिसमध्ये धड चालतीलच याची खात्री नाही. “तुम्हाला काय घालायचं ते घाला,” ती म्हणाली, “माझ्या विंडोजला धक्का लागला तर निकाल तुम्ही हातानं लिहायचे. सगळ्या तुकड्यांचे.” म्हणजे विंडोज आणि उबुंटू, दोघांनाही एकाच डिस्कवर नांदवणं आलं.

तयारीचं फार सांगण्यासारखं नाही. 8 जीबीचा पेनड्राइव्ह मोटारीतून काढला. त्यातली अण्णांची कीर्तनं आधी मोबाइलवर उतरवून घेतली, कारण रुफस नावाचा प्रोग्रॅम पेनड्राइव्ह आधी कोरा करतो आणि मग त्यावर उबुंटू चढवतो. इन्व्हर्टरमध्ये पाणी घातलं. डिस्कवर काम चालू असताना लाइट गेली तर काय होतं, हे भाच्यानं इतकं रंगवून सांगितलं होतं की महावितरणला आधी फोन करावा की काय, असं वाटू लागलं.

खरं नाट्य डिस्कच्या वाटणीत होतं, कारण तिथं अण्णा आले. अण्णा म्हणजे वडील, तलाठी म्हणून निवृत्त. खातेफोड, मोजणी, बांध यांत त्यांची हयात गेलेली. पडद्यावर डिस्क मॅनेजमेंटचे आडवे पट्टे दिसले आणि ते खुर्ची ओढून बसले.

“काय करायलास?”

“विंडोजची जागा कमी करून उबुंटूला देतो.”

“एकूण रान किती?”

“500 जीबी.”

“आन् हे डावीकडं बारकं काय हाय?”

ते ईएफआय पार्टिशन होतं, 100 एमबीचं. कॉम्प्युटर सुरू करायच्या फायली त्यात राहतात, विंडोजच्याही आणि उद्या उबुंटूच्याही, असं सांगितल्यावर अण्णांनी मान डोलावली. “सामाईक विहीर. तिला हात लावू नको. वाटणीत निम्मी भांडणं विहिरीवरून होतात.” सगळे जाणकार हेच सांगतात, पण इतक्या थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही.

किती जागा काढायची हे विंडोज एमबीमध्ये विचारतं. 100 जीबी म्हणजे 1,02,400 एमबी. एकराचे गुंठे तोंडपाठ असलेल्या माणसाला 1024 चा पाढा अजिबात खटकला नाही. खटकलं ते पुढचं. निम्म्याहून जास्त डिस्क मोकळी असूनही विंडोज 100 जीबी सोडायला तयार होईना. कारण पेजफाइल (मेमरी कमी पडली की वापरायची) आणि हायबरनेशनची फाइल (मशीन झोपवताना चालू काम साठवायची) नेमकी मध्यावर बसलेली असली, की जागा तिथपर्यंतच आकसते.

“मधी कुणाची तरी समाधी असंल,” अण्णा म्हणाले.

होतीच. हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल तात्पुरती काढली, मशीन पुन्हा सुरू केलं, तेव्हा कुठं जागा सुटली. हायबरनेशन बंद केल्याचा आणखी एक फायदा झाला. विंडोजचं फास्ट स्टार्टअप त्यावरच चालतं. ते चालू असलं की शट डाउन करूनही विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट जागं राहून डिस्क अडवून ठेवतं. लिनक्सला मग त्या फायली वाचता येतात, लिहिता येत नाहीत.

“हा बांध पुढं सरकतो का?” अण्णांनी विचारलं.

“जीपार्टेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये माउसनं ओढला की सरकतो.”

अण्णा गप्प झाले. बांध कोरल्याच्या तक्रारींत ज्यांनी उन्हातान्हात चपला झिजवल्या, त्यांना हे ऐकवायला नको होतं.

पुढं इन्स्टॉलरनं विचारलं की उबुंटू विंडोजच्या शेजारी ठेवू की सगळी डिस्क पुसून ठेवू. हे दोन पर्याय एकाखाली एक, इतके जवळ ठेवणाऱ्यांना निकालाचं एक्सेल सांभाळणारी बायको नसणार. मी शेजारीवर टिचकी मारली. उबुंटू बसलं, सुरुवातीला कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणारा ग्रबचा मेनू आला, दोघांची नावं त्यात दिसली. सगळं इतकं सुरळीत की घरात चहा झाला.

सकाळी दहाच्या सुमारास बायकोनं विंडोज उघडलं. घड्याळात साडेचार.

मदरबोर्डवर एक घड्याळ असतं, त्यातली वेळ विंडोज स्थानिक मानतं. लिनक्स तीच वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजतं आणि तिथं यूटीसीच लिहून ठेवतं. भारताची वेळ साडेपाच तास पुढं. त्यामुळं उबुंटूनंतर विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागं. इंटरनेटवरून वेळ जुळली की ठीक, पण आमच्याकडं लाइट आणि इंटरनेट एकत्र येणं हा योग आहे. जागेवरून जे भांडले नाहीत ते वेळेवरून भांडायला लागले. विहीर सामाईक ठेवली, पण घड्याळही सामाईक असतं हे अण्णांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

निकाल त्यांनीच दिला. “घरात राह्याचं तर घरचा टाइम.” मी उबुंटूत टाइमडेटसीटीएलची आज्ञा देऊन घड्याळ स्थानिक वेळेवर आणलं. लिनक्सनं ऐकलं, पण असं करणं बरं नव्हे, अशी लांबलचक कुरकुर खाली छापलीच. तत्त्वानं लिनक्सचंच बरोबर आहे असं माझं मत. ते मी घरात बोललो नाही.

मग बायकोची दुसरी तक्रार. ग्रबच्या यादीत उबुंटू वर, विंडोज तळाला, आणि 10 सेकंदांत काही निवडलं नाही तर उबुंटू आपोआप सुरू. ती बटण दाबून कुकर लावायला जाणार, परत येईपर्यंत राज्य बदललेलं. ग्रबमध्ये अशी सोय आहे की शेवटी जे वापरलं तेच पुढच्या वेळी आपसूक निवडलं जावं. ती केली. तेव्हापासून मी रात्री उबुंटूत काम केलं, की झोपण्याआधी एकदा विंडोज सुरू करून बंद करतो.

परवा शेजारचे गुरुजी काखेत लॅपटॉप घेऊन आले. “आमच्याबी मशीनची वाटणी करून द्या म्हणतो.”

मी काही बोलायच्या आत अण्णांनी चष्मा पुसायला घेतला.

“बसा. विहीर किती एमबीची हाय?”