७२ चं ३०० केलं म्हणून फोटो एचडी होत नाही

गणपतीच्या तोंडावर तो मेसेज पुन्हा ग्रुपवर फिरतोय आणि यंदा धाकट्या भावानं तो खरा मानून मंडळाच्या दहा बाय आठच्या बोर्डाची फाइल बनवलीय. ‘रिझोल्युशन ७२ चं ३०० करा, फोटो एचडी. फ्लेक्सला ३०० नसेल तर फाटणारच. जेपीजीचा पीएनजी केला की गेलेली क्लॅरिटी परत. एआयनं कितीही मोठा करा.’ यातले ७२ आणि ३०० म्हणजे छपाईच्या एका इंचात फोटोचे किती पिक्सेल (ठिपके) बसवायचे तो आकडा; ‘फाटणं’ म्हणजे फोटोचे चौकोन दिसायला लागणं.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो १६०० बाय १२०० पिक्सेलचा धरा. फोटोशॉपच्या इमेज साइजमध्ये रिसॅम्पलची (पिक्सेलची संख्या बदलण्याची) टिक काढून ७२ चं ३०० केलंत तर एकही पिक्सेल बदलत नाही; छपाईची रुंदी तेवढी २२ इंचांवरून सव्वापाचवर येते. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीची स्वतःची मदतपानंही हेच सांगतात. टिक ठेवलीत तर १६०० चे ६६६७ होतात, पण वाढीव पिक्सेल शेजारच्यांवरून अंदाजानं भरलेले. फाइल सतरापट जड, पापण्या होत्या तशाच पुसट. आमच्या कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर असं पाणी घातलेलं दूध कुणी तोंडाला लावणार नाही.

आता ‘फ्लेक्सला ३०० च’. दहा बाय आठ फूट म्हणजे ३०० नं ३६,००० बाय २८,८०० पिक्सेल, १०३ कोटी! आरजीबीत तीन जीबी. फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल तर ३०,००० पिक्सेलच्या पुढे सेव्हच होत नाही, मोठ्या फाइलींसाठीची पीएसबी करावी लागते. आणि हे कुणासाठी? ३०० हा हातात धरून फूटभरावरून बघायच्या छपाईचा आकडा. पंधरा फुटांवरून चांगल्या नजरेलाही इंचाला विसेक ठिपक्यांपलीकडचं वेगळं दिसत नाही. बिंदू चौकात रस्त्यापलीकडून बघायच्या बोर्डाला ७२ पुरून उरतात, ४० ही चालतात. बघायचं ते मूळ पिक्सेलकडे: तोच १६०० चा फोटो तीन फूट रुंद लावला तर इंचाला ४४ पडतात, दहा फूट पसरला तर १३, म्हणजे फाटला. मूळ फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. नावं, मजकूर कोरलड्रॉमध्येच ठेवा, कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे रेषांचे आकार करून. फोटोत मिसळू नका.

पीएनजीबद्दल काय बोलायचं? जेपीजीनं ८ बाय ८ च्या चौकोनांत जे टाकून दिलं ते गेलं. पीएनजी उरलेले डाग जसेच्या तसे जपतं.

एआयचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य. दुपटीपर्यंत कडा खरंच सुधारतात. पण तपशील तो स्वतःच्या मनानं रचतो: देवनागरी अक्षरांचं कडबोळं होतं, बारीक चेहऱ्याला भलत्याचेच डोळे येतात. श्रद्धांजलीच्या बोर्डाला हे चालणार आहे का? छपाईला देण्याआधी मूळ फोटो शेजारी उघडून, १०० टक्के झूमवर चेहरा ताडून बघा.