बोटी वाढवण्याआधी भरतीचं बघा

ठाणे खाडीत फ्लेमिंगो पाहायला येणाऱ्यांसाठी बोटी आणि जेट्ट्या वाढवाव्यात, असं एका लेखात म्हटलंय. पर्यटनाला विरोध नाही. ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीमुळेच कित्येक मुंबईकरांनी खाडी पहिल्यांदा नीट पाहिली. पण २०१५ ला अभयारण्य झालं, २०२२ ला रामसर दर्जा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी ओळख) मिळाला, तरी पक्ष्यांना नकाशावरची हद्द थोडीच कळते? ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात. भरतीत चिखल पाण्याखाली गेला की थवे नेरूळ-सीवूड्सकडच्या उथळ पाणथळींवर टेकायला जातात. त्यातलं डीपीएस शाळेजवळचं तळं अभयारण्याच्या बाहेर. खाडीचं पाणी आत येण्याची वाट बुजली की तिथलं पाणी कुजतं, शेवाळ माजतं आणि पक्षी उतरेनासे होतात. मग बोटीतून दाखवणार काय, नुसतं कांदळवन? (तेही बघण्यासारखं आहे म्हणा, पण तिकीट काढणारा गुलाबी रंगासाठीच येतो.)

बोटवाल्यांनी थव्यापासून लांबच राहावं हे लेखकाचं म्हणणं पटलं. मात्र "दादा, अजून जरा जवळ घ्या ना" म्हणत मागे लागणारे आपणच असतो. नव्या जेट्टीचा पैसा आधी त्या तळ्याच्या पाणवाटा मोकळ्या करायला वापरा.