लाईट गेल्यावर आंघोळीचं पाणी कशावर तापणार?

यंदा घर दुरुस्तीला काढणाऱ्या सगळ्यांना आधीच सांगते. आंघोळीचं पाणी तापवायची पाणचूल फोडू नका आणि त्याच कामाचा तांब्याचा बंब मोडीत घालू नका.

आमच्या दापोली तालुक्यात, हर्णै-मुरूडपासून आंजर्ले-केळशीपर्यंत, जुनी घरं भराभर नवी होतायत. मुंबईहून पैसे येतात, गवंडी येतो आणि पहिला घाव न्हाणीवर पडतो. टाईल्स, कमोड, शॉवर, भिंतीवर गिझर. स्वयंपाकघरात इंडक्शन, माजघराच्या कोपऱ्यात इन्व्हर्टर. कमोडला माझा काही विरोध नाही, गुडघे गेलेल्या माणसांना तो लागतोच. माझी काळजी वेगळी आहे. घरातली सगळी ऊब आपण एकाच तारेच्या भरवशावर ठेवतोय, आणि ती तार मैलोन्मैल आंबा-फणसाच्या फांद्यांतून वाट काढत येते.

समुद्रकाठी कसली आलीय थंडी, असं घाटावरचे पाहुणे म्हणतात. त्यांनी जुलैत येऊन राहावं. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, भिंतींना ओल येते, कपड्यांना वास मारतो, गाद्या दमट लागतात. लहान मूल किंवा ऐंशीच्या पुढचं माणूस घरात असेल तर कढत पाण्याची आंघोळ ही गरज असते, चैन नव्हे. पुढे डिसेंबर-जानेवारीत दापोलीचा पारा कधी कधी दहाच्याही खाली जातो. आपल्याकडे खोली तापवायची यंत्रं कोणी लावत नाही, पण घराला ऊब लागते. ती आजवर पाणचुलीतून आणि स्वयंपाकघरातल्या चुलीतून आली. चुलीवरच्या माळ्यावर आमसुलं, मिरच्या, सुकी मासळी टिकली ती त्याच उबेवर. पावसात धुतलेली दुपटी वाळली ती पाणचुलीसमोरच्या दोरीवर.

लाईट का जाते, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. वस्ती विखुरलेली, दहा घरांच्या वाडीसाठी डोंगर ओलांडून 11 केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, लाईन आणायची. उन्हाळाभर खारा वारा इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवतो, पहिली सर आली की तो थर भिजतो, वीज त्यावरून वाट काढते आणि फीडर ट्रिप होतो, म्हणजे अख्खी लाईन आपोआप बंद पडते. मग झावळी पडते, तारा जोडणारा जंपर तुटतो, डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावरचा, डीओ फ्यूज उडतो. भर पावसात रात्री खांबावर चढणाऱ्या वायरमनबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. आपल्या आवारातल्या फांद्या लाईनला लागत असतील तर मे महिन्यात त्या मुकाट्याने तोडू द्याव्यात, कलम कितीही लाडकं असलं तरी. कोयनेचं वीजघर आपल्या चिपळूण तालुक्यात पोफळीला आहे, जयगडला 1200 मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे, गुहागरच्या अंजनवेलला गॅसवरचा आहे. वीज इथे तयार होते. अडचण शेवटच्या पाच-दहा किलोमीटरची आहे, आणि ती आपल्या हयातीत पुरती सुटेल या आशेवर घर बांधू नये.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. निसर्गनंतर इथल्या कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या, ते इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. गॅसची गाडी येत नव्हती, रस्त्यांवर झाडं आडवी होती. ज्यांच्या मागीलदारी चूल होती त्यांनी पडलेल्या माडांच्या झावळ्या आणि सोडणं, म्हणजे नारळाच्या साली, जाळून पाणी तापवलं, भात शिजवला, शेजारच्या नव्या घरातल्या बाळंतिणीला कढत पाण्याचे हंडे पोचवले. कोकणातल्या घराने मी सांगते तशी तजवीज ठेवावी असं मला वाटतं, ते तेव्हापासून.

आता हिशेब मांडते, कारण इन्व्हर्टर विकायला येणारा माणूस तो मांडत नाही. घरोघरी असते ती 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी. कागदावर तिच्यात 1.8 युनिट मावतात. बॅटरी लवकर मारायची नसेल आणि इन्व्हर्टर खातो तेवढं सोडलं, तर हातात येतं एक, फार तर सव्वा युनिट. चार माणसांच्या चार बादल्या घ्या, बादली 15 लिटरची, पाणी 25 अंशांवरून 40 वर न्यायचं. त्यालाही लागतं एक युनिट. म्हणजे अख्ख्या बॅटरीची ताकद घरातल्या माणसांच्या एका वेळच्या आंघोळीएवढी. त्याच एका युनिटवर 30 वॉटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे आणि 9 वॉटचे चार दिवे रात्रभर, दहा तासांच्या वर चालतात. शिवाय गिझर 2000 वॉटचा, घरातला इन्व्हर्टर त्याच्या निम्म्याचाही नसतो, त्यामुळे तो गिझर ओढूच शकत नाही, लगेच ओव्हरलोड दाखवतो. इंडक्शनचं तेच.

उजेड आणि वारा यांना वीज थोडी लागते. उष्णतेला ती बेसुमार लागते. म्हणून बॅटरी दिव्यापंख्यांसाठी राखावी आणि पाणी तापवायचं काम दुसऱ्या कशावर तरी ठेवावं, एवढंच माझं म्हणणं आहे. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण चार युनिटांएवढी उष्णता असते. साध्या चुलीत त्यातले पाचापैकी चार हिस्से फुकट गेले असं धरलं, तरी दीड किलो लाकडात त्या चार बादल्या निघतात. आणि ते लाकूड आपल्याला विकत आणावं लागत नाही. झावळ्या, सोडणं, करवंट्या, काजूच्या छाटलेल्या फांद्या, सगळं आवारात पडतं. आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आधी पडवीत रचून ठेवलं की पावसाळा निघतो.

यावर बायकांचा आक्षेप असतो आणि तो शंभर टक्के खरा आहे. धूर. आमच्या सासूबाईंचे डोळे आयुष्यभर धुराने चुरचुरले. वाकून फुंकणीने फुंकत बसायला कोणीही कोणाच्या सुनेला सांगू नये. पण दोष धुराड्याचा आहे, ते आपण कधी बांधलंच नाही. बंबाची रचना मुळात हुशारीची आहे: मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, त्यामुळे उष्णता उघड्या चुलीएवढी वाया जात नाही. तो मागच्या पडवीत ठेवावा, वर पत्र्याचा पाईप बसवून छपराच्या कौलांच्या वर काढावा, पाईपच्या तोंडाला पावसाची टोपी घालावी. जाळ पेटवून आपण कामाला लागायचं. लाकूड कोरडं असेल तर धूर थोडाच होतो. आणि बंब पेटवायचं काम घरातल्या पुरुषांनी घ्यावं. आमच्याकडे ते यजमान करतात.

ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार जरूर करावा. कुडाळकडे कितीतरी घरांत तो चालतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरं हवीत. तेवढ्यात रोज पाऊण-एक किलो सिलेंडरच्या गॅसचं काम होतं. लाईट असो नसो, त्याला फरक पडत नाही.

सोलरबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे लोकांची समजूत चुकीची करून दिली जातेय. फेब्रुवारी 2024 मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, असं जास्तीत जास्त 78 हजार अनुदान मिळतं. योजना चांगली आहे. बिल खरंच उतरतं. पण त्यातली बहुतेक बसवलेली यंत्रणा ऑन-ग्रिड असते, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेली, बॅटरी नसलेली. बाहेरची लाईट गेली की तिचा इन्व्हर्टर त्या क्षणी स्वतःला बंद करतो, भर दुपारी बारा वाजता कडकडीत ऊन असलं तरीही. तसं करणं आवश्यकच आहे, नाहीतर आपल्या छपरावरची वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर काम करणारा वायरमन मरेल. पण आमच्या ओळखीतल्या एका घरात पॅनल बसले, जुना इन्व्हर्टर विकून टाकला, आणि पहिल्याच वादळी रात्रीनंतर सगळे दोन दिवस अंधारात. छपरावर पॅनल, घरात मेणबत्ती. बसवणाऱ्याने एक वाक्य बोललं असतं तर हे टळलं असतं. म्हणून सही करण्याआधी विचारा: लाईट गेल्यावर घरात काय काय चालेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टरचा, म्हणजे लाईट गेल्यावरही चालणाऱ्याचा, दर मागा. तो पुष्कळ महाग पडतो. बिलाच्या बचतीसाठी साधं ऑन-ग्रिड आणि अंधारासाठी जुना इन्व्हर्टर, ही जोडी बहुतेक घरांना पुरते.

याच कारणासाठी जनरेटरवाल्यांना कळकळीची विनंती. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर बाहेरच्या लाईनपासून तोडून जनरेटरला जोडणारं बटण, न लावता जनरेटरची वायर सॉकेटमध्ये खुपसून घरात लाईट आणायची, हे धाडस बंद करा. तुमच्या घरातून निघालेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी फिरून हजारो व्होल्टची होते. वर खांबावर कोणाचा तरी मुलगा असतो.

पाणी तापवायचं सोलर ही वेगळी वस्तू, आणि किनाऱ्यावर मला ती विजेच्या सोलरपेक्षा जास्त पटते. काचेच्या नळ्यांची शंभर लिटरची टाकी तीन-चार माणसांना ऑक्टोबर ते मे बिनतक्रार पुरते. लाईटशी तिचा संबंध नाही, पाणी गरम झालं की आपोआप वर चढतं. अडचण जून ते सप्टेंबरची. गच्च ढगाळ दिवसांत पाणी कोमट सुद्धा होत नाही, आणि नेमकं तेव्हाच ते हवं असतं. विकणारे सांगतात टाकीत विजेचा हीटर टाका. म्हणजे आलो परत त्याच तारेवर. आमच्याकडे आठ महिने सोलर आणि चार महिने बंब, अशी वाटणी आहे. टाकी माडाखाली बसवू नका, एक नारळ पडला की नळ्या गेल्या. स्टँड कौलांवर टेकवू नका, स्लॅबला नीट आवळा, नटबोल्ट स्टेनलेसचे घ्या. साधे इथल्या खाऱ्या हवेत लवकर गंजतात.

गॅस गिझर लाईटशिवाय चालतो, त्याला पेन्सिल किंवा टॉर्चचे सेल लागतात, म्हणून तो आता बराच खपतोय. बंद न्हाणीत तो लावणं म्हणजे जीवाशी खेळ. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस बेशुद्ध होतो तेव्हा कळतं. लावायचाच तर न्हाणीच्या बाहेर, उघड्या पडवीत लावा आणि फक्त पाण्याचा पाईप आत घ्या. दार लावून, खिडकी बंद करून आतमध्ये कधीही नाही.

आणि मुळात पाणीच नसेल तर तापवणार काय? हे नव्या घरांत कोणी धरतच नाही. विहिरीवर मोटार बसली, रहाट काढला, कप्पी गेली. लाईट गेली की पाणी गेलं. विहिरीवरची कप्पी आणि दोर राहू द्या. वरची टाकी हजार लिटरची घ्या, पाचशेची नको. दोन दिवस निघतात.

विजेचा गिझर ठेवणारच असाल, आणि बरेच ठेवणार, तर अर्थिंग तपासून घ्या. आपण जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळावर, राहतो. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि त्यात अर्थिंग नीट लागत नाही. खड्डा खोल हवा, त्यात कोळसा-मीठ हवं, मार्च ते मे त्यात अधूनमधून पाणी ओतायला हवं. मीटरजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाईट तोडणारा स्विच, बसवा. ओल्या हाताने गिझरच्या नळाला हात लावणाऱ्या पोरासाठी तेवढं कराच. वळवाच्या विजा आणि लाईट परत येताना बसणारा झटका यासाठी गिझर, फ्रीज, मोटार यांची बटणं लाईट गेल्याबरोबर बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

सध्या ज्यांचं काम चालू आहे त्यांनी गवंडी हाताशी आहे तोवर मागच्या पडवीच्या भिंतीत धुराड्यासाठी चार इंची भोक ठेवून घ्यावं आणि बंबासाठी फूटभर उंचीचा ओटा बांधून घ्यावा. बंब नंतर आणला तरी चालेल. जुन्या बंबाला आतून कल्हई करून मिळते का ते आधी तालुक्याच्या बाजारात विचारा, गळती असली तरी बहुतेक वेळा डाग देऊन काम भागतं. आमच्या बंबाच्या पाईपचं आणि टोपीचं माप कोणाला हवं असेल तर विचारा, मोजून पाठवते.